मुंबईच्या खिडकीत कळलावी: कंद लावण्यापासून कुंडी झोपेपर्यंत सगळं

एप्रिल संपत आला की माझ्या ग्रिलमध्ये चार कुंड्या अशा असतात ज्यात कोरड्या मातीशिवाय काहीच दिसत नाही, आणि घरी येणारा प्रत्येक जण विचारतो की या रिकाम्या कुंड्या कशाला ठेवल्यात, काढा की, जागा तरी होईल. त्या रिकाम्या नाहीयेत. आत कळलावीचे कंद झोपलेत. ही वेल पावसाळ्यात चार-पाच महिने जगते, फुलते, आणि उरलेलं वर्ष जमिनीखाली काढते. ज्यांची कळलावी मरते ना, त्यातल्या बहुतेकांची पावसात नाही मरत, ती या झोपेच्या महिन्यांत मरते, कारण आपल्याला वाटतं झाड वाळलं म्हणजे पाणी कमी पडलं आणि आपण पाणी घालत बसतो. माझे पहिल्या वर्षीचे दोन्ही कंद असेच कुजले. नोव्हेंबरमध्ये पानं पिवळी पडली, मी घाबरून रोज पाणी घातलं, जानेवारीत उकरून बघितलं तर आत नुसता लिबलिबीत काळा गोळा. दुसऱ्या वर्षी पाणी बंद केलं पण कुंडीवर काही लिहिलं नव्हतं, दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी चांगल्या मनाने ती माती कोथिंबिरीच्या डब्यात ओतली आणि कंद गेला कचऱ्यात. तिसऱ्या वर्षापासून जमलं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण आता मे येतोय आणि कंद लावायची वेळ हीच आहे.

आधी हे की लिली म्हणजे नेमकी कोणती

कळलावीला इंग्रजीत ग्लोरी लिली म्हणतात, म्हणून सुरुवात लिलीपासून. मुंबईत आपण ज्याला लिली लिली म्हणतो ते बहुतेक सगळं बाहेरून आलेलं आहे. सोसायटीच्या कुंपणाला आणि रस्त्याच्या डिव्हायडरवर दिसते ती पांढरी स्पायडर लिली अमेरिका खंडाकडची, पहिल्या पावसाला येणारी गुलाबी-पांढरी रेन लिली पण तिकडचीच, मे महिन्यात लाल चेंडूसारखी येणारी फुटबॉल लिली आफ्रिकेतली. छान आहेत, मला काही वैर नाही त्यांच्याशी. पण आपल्या मातीतली म्हणून ज्या आहेत, नागदवणा आहे, सफेद मुसळी आहे जिच्या शास्त्रीय नावात चक्क आपलं बोरिवली आहे, क्लोरोफायटम बोरिविलिएनम, आणि ही कळलावी, त्या मात्र घरात फारशा दिसत नाहीत.

कळलावीचं शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा, स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये दिलेलं. पूर्वी हिला लिलीच्या कुळात धरायचे, आता कोल्चिकेसी नावाच्या वेगळ्या कुळात टाकलंय, पण इंग्रजी नावात लिली अजून चिकटून आहे. आफ्रिकेपासून आपल्याकडे आणि पुढे आग्नेय आशियापर्यंत ही मूळचीच आहे, म्हणून झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूल पण हेच आणि तामिळनाडूचं राज्यफूल पण हेच. संस्कृतात अग्निशिखा, कारण पाकळ्या ज्वाळांसारख्या वर वळलेल्या असतात, आणि लांगली, म्हणजे नांगर, कारण कंद नांगरासारखा वाकलेला असतो. कळलावी हे नाव बाळंतपणाच्या कळांवरून आलं, पूर्वी कळा यायला कंदाचा लेप लावायचे म्हणून. आमच्याकडे संगमेश्वरला आई हिला खड्यानाग म्हणायची, आणि गौरी आल्या की गौरीचे हात. बांधावरून, कुंपणावरून फुलं तोडून आणायची आणि गौरीला वाहायची. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात पावसाळ्यात फिरायला गेलात तर झुडपांवर चढलेली हमखास दिसेल.

विषाचं बोलल्याशिवाय पुढे जायचं नाही

ही वेल विषारी आहे. थोडीफार नाही, खरोखर जीव घेणारी. कंद, बिया, पानं, खोड, सगळ्यात कोल्चिसिन असतं आणि कंदात व बियांत जास्त. आयुर्वेदात हिची गणना उपविषांत होते. गाऊट नावाच्या सांधेदुखीच्या आजारावर कोल्चिसिनच्या गोळ्या असतात आणि त्यासाठी तामिळनाडूत हिच्या बियांची शेती होते, पण ते औषध मोजून-मापून बनवलेलं असतं, त्यावरून घरी कुणी कंद उगाळून काही करू नका. सांधेदुखीला नाही, बाळंतपणाला नाही, कशालाच नाही.

धोका कुठे होतो तर कंद दिसायला रताळ्यासारखा किंवा छोट्या कोनफळासारखा दिसतो आणि चुकून शिजवला जाऊ शकतो, शिजवून विष जात नाही. दुसरा धोका बियांचा, शेंग उकलली की आत केशरी-लाल गोल दाणे असतात, लहान मुलाच्या हाताला आणि तोंडाला ते पटकन जातात. त्यामुळे घरात रांगणारं बाळ असेल, सगळं तोंडात घालणारं मूल असेल, किंवा झाडं चावणारं मांजर-कुत्रं असेल तर सरळ सांगते, कळलावी चार-पाच वर्षं लावू नका, नागदवणा पण विषारीच आहे त्यामुळे तोही नको, तोवर तेरडा लावा. बाकीच्यांनी हातमोजे घालून कंद हाताळायचा, रस कातडीला चुरचुरतो, नंतर साबणाने हात धुवायचे, आणि कंद कधीही, कधी म्हणजे कधीही स्वयंपाकघरात ठेवायचा नाही.

समजा कुणाच्या पोटात गेलंच तर लक्षणांची वाट बघू नका. घशात-तोंडात आग, उलट्या, जुलाब हे सुरू व्हायला काही तास जातात आणि तोवर माणूस ठीक वाटतो, पण आत काम चालू झालेलं असतं. घरगुती उपाय करत, उलटी काढत बसायचं नाही, 108 ला फोन करा किंवा रिक्षा पकडून थेट मोठं हॉस्पिटल गाठा, आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की कळलावी, ग्लोरिओसा, कोल्चिसिन. वेलीचा तुकडा पिशवीत घालून बरोबर न्या.

कंद कुठून आणायचा

जंगलातून नाही. नॅशनल पार्क, ठाण्याचं येऊर, कुठूनही उकरून आणायचं नाही, संरक्षित जंगलातून झाड काढणं वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी औषधासाठी या वेलीचे कंद ठिकठिकाणी इतके उकरले गेलेत की आपण अजून त्यात भर घालायला नको. शिवाय जंगलातला कंद खोल असतो, घाईत उकरताना त्याचं टोक हमखास मोडतं आणि मग तो तुमच्याकडेही जगत नाही आणि तिथूनही गेला.

दोन रस्ते आहेत. एप्रिल-मेमध्ये ऑनलाइन सुटे कंद मिळतात, किंवा जुलै-ऑगस्टमध्ये नर्सरीत फुलावर आलेली कुंडीच मिळते. दुसरा रस्ता महाग पण नवीन माणसाला बरा, कारण तुम्हाला वेल कशी दिसते ते कळतं. विचारताना हे विचारा की देशी आहे की रॉथ्सचाइल्डियाना. ती आफ्रिकेकडची जात, पाकळ्या रुंद, फूल मोठं, लाल रंगाला पिवळी कड. देशीच्या पाकळ्या अरुंद आणि कडा चांगल्या नागमोडी असतात, फूल वयाप्रमाणे रंग बदलतं. आपल्या हवेत देशी जास्त चिवट आहे हा माझा अनुभव.

कंद हातात घेतल्यावर दोन गोष्टी बघायच्या. एक, तो टणक पाहिजे, दाबल्यावर दबायला नको, सुरकुतलेला नको. दुसरी आणि खरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे टोक. हा कंद बहुतेक वेळा इंग्रजी व्ही किंवा एल सारखा असतो, दोन फांद्या एका कोपऱ्यात जोडलेल्या, आणि डोळा असतो फक्त फांदीच्या टोकाला. बटाट्यासारखे अंगभर डोळे नसतात. टोक मोडलं की ती फांदी बाद, ती कितीही जाडजूड असू दे, फुटणार नाही. त्यामुळे फोटोत कंद मोठा दिसतोय यावर जाऊ नका, टोकाचा जवळून फोटो मागवा. दोन्ही टोकं शाबूत असतील तर कोपऱ्यातून दोन भाग करून दोन वेली होतात, कापलेल्या जागी राख चोळायची आणि दोन दिवस सावलीत सुकू द्यायचं. पहिल्या वर्षी मात्र कापू नका, अख्खा लावा, हात बसू दे.

कुंडी आणि माती

कुंडी कमीत कमी 12 इंची, खोल असलेली. नवीन कंद खाली खाली जातो आणि उथळ कुंडीत तो तळाला आपटून वाकडा वाढतो. माती भिजल्यावर 12 इंची कुंडी सहज 15 किलोच्या वर जाते हे लक्षात घ्या, जुन्या बिल्डिंगचं गंजलेलं ग्रिल असेल तर कुंडी ग्रिलमध्ये टांगू नका, खिडकीच्या आत किंवा गच्चीवर ठेवा. ग्रो बॅग हलकी पडते, ती चालते, मातीची कुंडी सगळ्यात छान कारण तिच्या अंगातून पाणी सुकतं.

मातीच्या बाबतीत मुंबईचा हिशोब वेगळा आहे. बाहेरच्या व्हिडिओत सांगतात कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घाला, ओल धरून ठेवतं. आपल्याला ओल धरून ठेवायचीच नाहीये. इथे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जुलैत तर चार-चार दिवस थांबत नाही, तेव्हा माती अशी पाहिजे की वरून ओतलेलं पाणी खालून लगेच पळालं पाहिजे. मी घेते 2 भाग लाल माती, 2 भाग जाड रेती किंवा बारीक खडी, 1 भाग मुरलेलं शेणखत किंवा गांडूळ खत, आणि मूठभर निंबोळी पेंड, मूठभर बोनमील, म्हणजे हाडांची पूड. कोकोपीट नाही. रेती बांधकामाच्या दुकानातून मिळते, ती चाळून, धुवून घ्यायची, पण चौपाटीवरची वाळू आणू नका, मिठाने मुळं जळतात. कुंडीला तळाला चार-पाच भोकं, त्यावर विटांचे तुकडे, आणि कुंडीखाली प्लेट ठेवायची नाही. खालच्या मजल्यावर पाणी गळतं म्हणून प्लेट ठेवावी लागत असेल तर दोन विटांवर कुंडी आणि विटा प्लेटमध्ये, म्हणजे बूड पाण्यात राहत नाही.

तळमजल्यावर राहत असाल आणि सोसायटीने मागच्या बाजूला थोडी जागा दिली असेल तर जमिनीत लावा, जमिनीत ती जास्त खूश असते. फक्त पाणी तुंबणारी जागा नको, वाफा वीतभर उंच करून घ्या, आणि मुलं खेळतात तिथून लांब.

लावायचं कधी आणि कसं

मुंबईत मॉन्सून साधारण 11 जूनला अपेक्षित असतो. मी मेच्या शेवटच्या आठवड्यात लावते. कंदाचा डोळा तेव्हा फुगायला लागलेला असतो, गुलाबीसर पांढरा टोकदार कोंब. तो दिसला की लावायचाच, आणखी थांबलं तर कोंब कोरड्यातच वाढतो आणि लावताना मोडतो.

कंद आडवा ठेवायचा. उभा नाही. दोन-तीन इंच खोल, डोळ्याचं टोक कुंडीच्या मध्याकडे आणि किंचित वर, कारण कोंब टोकातून निघून सरळ वर येतो आणि कडेला टेकलेला असला तर कुंडीच्या भिंतीला घासत वाकतो. वर माती सारखी करून हाताने दाबायची नाही. एकदा पाणी द्यायचं, माती ओलसर होईल इतकंच, आणि मग कोंब वर दिसेपर्यंत जवळजवळ काही नाही, वरची माती दोन इंच कोरडी लागली तर थोडंसं. या दोन-तीन आठवड्यांत कंद सगळ्यात जास्त कुजतात. आपल्याला धीर धरवत नाही, रोज वाटतं घालूया जरा. नका घालू. उकरून बघू पण नका, कोंब कच्च्या काकडीसारखा कडकन मोडतो आणि एकदा मोडला की बहुतेक वेळा त्या वर्षी तो कंद पुन्हा फुटत नाही.

गौरीला फूल हवं असेल तर गणित असं, लावल्यापासून फुलायला साधारण अडीच-तीन महिने धरा. गौरी कधी ऑगस्टच्या शेवटी येतात तर कधी सप्टेंबरच्या मध्याला, त्यामुळे मी दोन कुंड्या मेच्या शेवटी आणि दोन जूनच्या मध्याला लावते, कुठल्या ना कुठल्या कुंडीवर तेव्हा फूल असतंच.

चढायला काय द्यायचं

मला सगळ्यात आवडतो तो भाग हाच. कळलावीला वेगळे ताणे नसतात, तिच्या पानाचंच टोक लांब होतं आणि स्प्रिंगसारखं वळून जे सापडेल त्याला वेटोळं घालतं. सकाळी मोकळं दिसलेलं टोक पुढच्या दिवशी सुतळीला दोन वेढे घालून बसलेलं असतं. पण टोक नाजूक असल्याने त्याला बारीक आधार लागतो. जाड बांबू, ग्रिलचे चौकोनी गज हे तिला धरताच येत नाहीत, टोक नुसतं घसरत राहतं आणि वेल खाली लोंबते, मग वाऱ्यात मोडते. म्हणून कुंडीत तीन कामट्या रोवायच्या आणि त्यांना सुतळी आडवीतिडवी बांधायची, किंवा ग्रिलवर भाजीच्या वेलीची नायलॉन जाळी ताणायची. मी खराट्याचे हीर वापरते, नारळाच्या पात्यांचे, कामट्यांच्या मधे मधे खोचून देते, ते तिला फारच मानवतात. हे सगळं कंद लावतानाच करून ठेवा. नंतर कामटी रोवायला गेलात तर ती नेमकी कंदात घुसते.

वेल कुंडीत चार ते सहा फूट जाते, जमिनीत त्याहून जास्त. पश्चिमेच्या खिडकीला जून-जुलैत जो वारा येतो त्यात उंच वेल टिकत नाही, म्हणून सरळ वर न सोडता आडवी फिरवत न्या.

ऊन, पाऊस, खत

पुस्तकात लिहिलेलं असतं की अर्धी सावली चालते. चालते, पण ते उन्हाच्या दिवसांचं. आपल्याकडे ही वेल वाढते तेव्हा आभाळ भरलेलं असतं, मुळात उजेडच कमी, त्यात आणखी सावलीत ठेवली तर नुसती उंच होते आणि एक-दोन फुलं देऊन थांबते. घरातली सगळ्यात उजेडाची जागा हिला द्या. मुळाशी गारवा आणि डोक्यावर ऊन हे हिला आवडतं, त्यामुळे कुंडीपुढे दुसरी एखादी बुटकी कुंडी ठेवा. सप्टेंबरच्या शेवटी ऊन चढायला लागलं की दुपारचं थेट ऊन मात्र पानं करपवतं, तेव्हा हिरवी जाळी किंवा जुनी ओढणी बांधली तरी पुरे.

दक्षिण-पश्चिमेच्या खिडकीला पाऊस थेट आत येतो, तिथे जुलै-ऑगस्टमध्ये तुम्हाला पाणी घालायलाच लागणार नाही. उलट सलग चार दिवस झोडपलं तर कुंडी थोडी आत ओढा. पूर्वेच्या खिडकीवाल्यांनी उलट लक्ष द्यायचं, बाहेर पाऊस धो धो आणि कुंडी कोरडी ठणठणीत असं होतं, पावसाळा आहे म्हणून आपण हात लावून बघतच नाही. बोट घाला मातीत. दुसरं काही मशीन लागत नाही.

खताचं थोडक्यात, वेल फूटभर झाली की दर पंधरा दिवसांनी गांडूळ खताचं पाणी, कळ्या दिसल्या की लाकडाची राख चमचाभर मातीत मिसळायची, पोटॅशसाठी. युरिया नको, पानंच पानं येतात.

कीड

एक कीड नावानिशी सांगण्यासारखी आहे. काळी अळी, अंगावर पांढरे आणि तांबडे ठिपके, दिसायला सुंदर, आणि दोन रात्रींत वेल साफ. ही लिली मॉथची अळी, पॉलिटेला ग्लोरिओसी, नावातच कळलावी आहे. स्पायडर लिली, रेन लिलीवर पण हीच येते, म्हणून सोसायटीच्या बागेत स्पायडर लिली असेल तर तिच्यावर ती दिसली की समजायचं आता आपल्याकडे येणार. वेलीतलं विष तिला बाधत नाही. यावर उपाय म्हणजे हातमोजे घालून संध्याकाळी टॉर्च घेऊन एक एक वेचून साबणाच्या पाण्यात टाकणं, आणि पानांच्या मागे अंड्यांचे पुंजके असतील ते पुसून काढणं. पावसात निंबोळी तेल फवारलं तरी तासाभरात धुवून जातं, उघडीप बघून फवारलं तर थोडा उपयोग होतो. वेचणंच खरं.

बाकी पिठ्या ढेकूण आणि मावा येतात, ते पाण्याच्या जोरदार धारेने जातात. पानांवर तपकिरी डाग पसरायला लागले तर ती बुरशी, ती पानं काढून टाका आणि वेलीत हवा खेळेल असं करा. खोड बुडाशी मऊ पडलं असेल तर ती कूज, तेव्हा वरून काही फवारून फायदा नाही, कुंडी पावसातून काढा, माती सुकू द्या आणि कंद वाचतो का बघा.

फूल

कळी आधी हिरवी आणि खाली मान घातलेली. उमलताना सहा पाकळ्या उलट्या मागे वळतात, अगदी वर, आणि सहा पुंकेसर चहूबाजूंना आडवे पसरतात. पहिल्या दिवशी रंग हिरवट पिवळा, मग पिवळा, मग टोकाकडून केशरी, शेवटी सबंध लाल. एका वेलीवर एकाच वेळी हे सगळे रंग दिसतात कारण प्रत्येक फूल वेगळ्या वयाचं असतं. एक फूल आठवडाभर सहज टिकतं, म्हणून तोडायची घाई करू नका, वेलीवरच ते जास्त टिकतं. शिंजीर येतो माझ्या खिडकीत, फुलपाखरं येतात.

एक बारकावा बघा फूल जवळ असलं की. स्त्रीकेसर बुडाशी काटकोनात वळून बाजूला गेलेलं असतं, जणू स्वतःच्याच परागांपासून दूर. त्यामुळे कुंडीत एकटी-दुकटी वेल असली की शेंगा फार धरत नाहीत. तामिळनाडूत शेतकरी हाताने परागीकरण करतात, तुम्हाला बिया हव्याच असतील तर सकाळी मऊ ब्रशने एका फुलाचे पराग दुसऱ्या वेलीच्या फुलाला लावा. नको असतील तर फूल सुकल्यावर धरलेली शेंग हिरवी असतानाच खुडून टाका. शेजाऱ्यांची मुलं येत-जात असतात म्हणून मी एकही शेंग ठेवत नाही.

गौरीला वाहायची असतील तर खुशाल वाहा, फक्त नैवेद्याच्या ताटापासून लांब ठेवा आणि विसर्जनानंतर फुलं उघड्यावर न टाकता कागदात गुंडाळून टाका.

फुलं संपल्यानंतरचे दोन महिने आणि मग झोप

इथून पुढे नीट वाचा, कारण माझे कंद इथेच गेले होते.

फुलं सप्टेंबरात संपतात आणि वेल जरा भिकार दिसायला लागते, वाटतं कापून टाकावी. हिरवी असेपर्यंत एक पान कापायचं नाही. कळलावीचा जुना कंद दरवर्षी वाळून संपतो आणि त्याच्या जागी नवा कंद तयार होतो, तुम्ही पुढच्या वर्षी लावणार तो हा नवा, आणि तो भरतो याच महिन्यांत, याच पानांच्या जोरावर. ऑक्टोबर हीटमध्ये माती कोरडी पडली तर पाणी द्या, राखेचा एक चमचा अजून द्या. गणपती गेले, आता काय तिचं काम, असं म्हणून दुर्लक्ष केलं तर पुढच्या मेमध्ये करंगळीएवढा कंद हाती लागतो आणि तो फूल देत नाही.

ऑक्टोबरच्या शेवटाकडे, कधी नोव्हेंबरात, पानं खालून पिवळी पडायला लागतात. हा आजार नाही. पाणी अर्धं करा, आणि अर्धी वेल पिवळी झाली की पूर्ण बंद. पूर्ण म्हणजे पूर्ण. वेल आपोआप खाडकन वाळते, वाळलेलं खोड हलकं ओढलं की हातात येतं. आलं नाही तर ओढू नका, अजून आठवडा थांबा.

मग कुंडीवर लगेच लिहायचं. मी पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिते, आत कंद आहे, विषारी, पाणी नको, हलवू नको. घरात कामाला येणाऱ्या मावशींना, घरच्या सगळ्यांना तोंडी पण सांगायचं. कुंडी पाऊस लागणार नाही, दुसऱ्या झाडांचं पाणी उडणार नाही अशा कोपऱ्यात सरकवायची. टपकणाऱ्या एसीच्या पाइपाखाली तर अजिबात नाही, माझ्या एका मैत्रिणीची कुंडी तशीच गेली.

कंद काढून ठेवायचा की कुंडीतच राहू द्यायचा, दोन्ही चालतं. कोरडी जागा असेल तर कुंडीतच ठेवा, काढताना मोडण्याचा धोका टळतो. दर दोन वर्षांनी मात्र माती बदलावी लागते, तेव्हा काढा. खुरप्याने उकरू नका. कुंडी वर्तमानपत्रावर आडवी करा, हलके थोपटत सगळी माती एकदम बाहेर घ्या आणि बोटांनी माती सुटी करा. कंद बहुतेक तळाशी, कुंडीच्या भिंतीला चिकटून वळलेले सापडतात. जुना कंद पोकळ सालपटासारखा झालेला असतो, तो टाका. नवे कंद धुवायचे नाहीत, दोन-तीन दिवस सावलीत वाळवायचे आणि खोक्यात कोरड्या रेतीत एकमेकांना न टेकता पुरून ठेवायचे. फ्रिजमध्ये नाही, कांदे-बटाट्यांजवळ नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरात विषारी लिहून, मुलांचा हात पोचणार नाही अशा कपाटात वर. महिन्यातून एकदा उघडून बघा, एखादा मऊ पडला असेल तर तो काढा, नाहीतर बाकीच्यांना लागतो.

बियांपासून

होतं, पण वेळ खातं. बी रात्रभर पाण्यात भिजवून मेच्या शेवटी रेताड मातीत अर्धा इंच खोल पेरायचं. काही तीन आठवड्यांत उगवतात, काही तीन महिने घेतात. पहिल्या पावसाळ्यात एखाद-दुसरं पान येतं आणि तेही वाळतं, खाली शेंगदाण्याएवढा कंद राहतो. फूल बघायला तीन-चार पावसाळे. त्या छोट्या कुंड्यांवर पण लिहा, त्या तर आणखीच रिकाम्या दिसतात.

आणि आता, मेच्या दुसऱ्या आठवड्यात, खोकं उघडा. रेती बाजूला करून प्रत्येक कंदाचं टोक बघा. कोरडं आणि तपकिरी असेल तर झाकून पुन्हा ठेवा. गुलाबी ठिपका दिसला तर माती कालवायला घ्या.